ज्याँ गाबँ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थोडक्यात सांगायचं तर ज्याँ गाबँ कोण?

फ्रेंच सिनेमातला नट. १७ मे १९०४ रोजी पॅरिसमध्ये जन्मला, १५ नोव्हेंबर १९७६ रोजी पॅरिसला खेटून असलेल्या न्युईमधल्या इस्पितळात वारला. बोलपट आला तेव्हा तोही आला आणि शेवटच्या वर्षापर्यंत काम करत राहिला. नव्वदच्या वर चित्रपट केले. तिशीत असताना फ्रेंच प्रेक्षकांनी त्याच्यात आपला कामगार, आपला शिपाई, आपला फरारी गुन्हेगार पाहिला. पन्नाशीनंतर त्याच प्रेक्षकांनी त्याच्यात घरचा कर्ता म्हातारा, पोलीस कमिशनर आणि एकदा तर माजी पंतप्रधानही पाहिला. हे दोन गाबँ इतके वेगळे आहेत की फक्त एकच पाहिलेल्या माणसाला दुसऱ्याची कल्पना येत नाही. मधे एक महायुद्ध आहे आणि त्यानंतरची सात-आठ पडीची वर्षं आहेत.

गाबँ हे त्याचं खरं नाव का?

नाही. खरं नाव ज्याँ-आलेक्सी माँकोर्जे. वडील कॅबरे आणि ऑपेरेटांत, म्हणजे हलक्याफुलक्या संगीतिकांत, कामं करायचे, तिथे त्यांनी 'गाबँ' हे नाव घेतलं होतं. आईही गायिका. म्हणजे मुलाला मिळालं ते वडिलांचं रंगभूमीवरचं नाव. सात भावंडांत हा धाकटा. एवढी नाटकवाली घरातली मंडळी असूनही, किंवा असल्यामुळेच, पोराला नाटकाचा तिटकारा होता.

मग त्याला काय व्हायचं होतं?

इंजिन ड्रायव्हर. पॅरिसच्या उत्तरेला वाझ नदीकाठी मेरिएल नावाचं गाव आहे. तिथे त्याचं लहानपण गेलं आणि घराजवळून रेल्वेचा मार्ग जात होता. १९१८ मध्ये आई गेली. वडिलांनी पॅरिसच्या नामांकित शाळेत घातलं, तिथून तो पळाला. मग सिमेंटचं काम, ओतशाळेतलं काम, गोदामातलं काम, असं जे मिळेल ते केलं. पुढे पडद्यावर त्याने मजूर केले तेव्हा फावडं कसं धरायचं हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही. मेरिएलमध्ये पुढे त्याच्या नावाचं संग्रहालय उघडलं.

सिनेमात कसा आला?

वडिलांनी १९२२ मध्ये त्याला फोली बेर्जेर या पॅरिसच्या नाचगाण्याच्या थिएटरच्या व्यवस्थापकापुढे जवळजवळ ढकलत नेलं. तिथे किरकोळ कामं मिळाली. मधे नौदलातली सक्तीची सेवा झाली. परतल्यावर ऑपेरेटा, गाणी, मोरिस शव्हालिए या गायक-नटाच्या थाटातल्या नकला. मग मूलाँ रूझमध्ये मिस्तँगेत या त्या काळच्या सर्वांत मोठ्या तारकेबरोबर काम. थोडक्यात, तो नाचणारा-गाणारा विनोदी नट होता. ज्यांनी फक्त गंभीर, गप्प गाबँ पाहिला आहे त्यांना हे पटत नाही. १९३० मध्ये पहिला बोलपट केला, त्यात नायिका होती पहिली बायको गाबी बासे. घटस्फोट तोवर झालेला होता किंवा होण्यात होता, पण दोघांची मैत्री मात्र टिकली.

सुरुवातीच्या डझनभर चित्रपटांत फारसं पाहण्यासारखं काही नाही. उत्सुकतेपोटी एखादा पाहावा, एवढंच.

मोठा कधी झाला?

ज्युलियँ द्युव्हिव्हिए या दिग्दर्शकाने त्याला घडवलं. १९३४ चा 'मारिया शापदलेन' कॅनडात, केबेकच्या थंडीत चित्रित झाला. त्यात गाबँ फासेपारध्याच्या भूमिकेत होता. १९३५ च्या 'ला बांदेरा'मध्ये तो पॅरिसमध्ये खून करून स्पॅनिश फौजेत लपलेला फरारी होता आणि तिथून त्याचा साचा ठरला. १९३६ चा 'ला बेल एकिप' पाहण्यासारखा आहे तो वेगळ्या कारणाने. पाच बेकार मित्रांना लॉटरी लागते आणि ते नदीकाठी जेवणखाण-नाचगाण्याची जागा काढायचं ठरवतात. फ्रान्समध्ये नुकतंच डाव्या आघाडीचं सरकार आलं होतं, पगारी रजा मिळाली होती, हवेत आशा होती. द्युव्हिव्हिएने शेवट शोकांत केला. निर्मात्यांना तो जड वाटला, म्हणून दुसरा, सुखान्त शेवट चित्रित झाला आणि चित्रपटगृहांत तोच चालला. आज दोन्ही पाहता येतात. माझं मत विचाराल तर शोकांतच खरा. सुखान्तात नट स्वतःच अवघडलेले दिसतात.

१९३७ मध्ये 'पेपे ल मोको' आला आणि मग मागे वळून पाहावं लागलं नाही. अल्जियर्सच्या कसबाच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, गल्ल्यांत पेपे हा दरोडेखोर राजा आहे, पण गल्ल्यांबाहेर पाऊल टाकलं की पोलिसांच्या हाती. कसबाचा बराचसा भाग पॅरिसजवळच्या स्टुडिओत उभारला होता हे सांगितल्याशिवाय कळत नाही. हॉलिवूडने लगेच, १९३८ मध्ये, शार्ल ब्वाएला घेऊन तोच चित्रपट पुन्हा काढला.

तो प्रत्येक चित्रपटात शेवटी मरतो, हे खरं का? (शेवट कळू द्यायचे नसतील तर पुढच्या प्रश्नाकडे जा.)

प्रत्येक नाही, पण हा समज हवेतून आलेला नाही. 'ला बांदेरा'त मरतो. 'पेपे ल मोको'त बंदराच्या जाळीच्या फाटकाशी, हातात बेड्या असताना, निघून जाणाऱ्या बोटीकडे बघत स्वतःला भोसकून घेतो. तो बोटीवरच्या प्रेयसीला हाक मारतो तेव्हाच बोटीचा भोंगा वाजतो आणि तिला ऐकूच येत नाही. 'ला बेत युमेन'मध्ये धावत्या गाडीतून उडी टाकतो. 'ल के दे ब्रुम'मध्ये गोळी खातो. 'ल जूर स लेव्ह'मध्ये स्वतःवर गोळी झाडतो. 'ला ग्रांद इल्युझियाँ'मधून मात्र जिवंत सुटतो आणि त्याच्याच दिग्दर्शकाच्या, ज्याँ रन्वारच्या, 'ले बा-फाँ'च्या शेवटी तर चक्क मोकळ्या रस्त्याने चालत निघतो. म्हणजे युद्धापूर्वी रन्वारच्या हाती त्याला तीनांत दोनदा जीवदान मिळालं ('ला बेत युमेन'ही त्याचाच).

आँद्रे बाझँ या समीक्षकाला यात ग्रीक शोकांतिका दिसली. राजाच्या जागी टोपी घातलेला कामगार, नियती तीच. या चित्रपटांत एक ठरलेला क्षणही असायचा: इतका वेळ दाबून धरलेला माणूस एकदम भडकतो आणि त्या भडक्यातच त्याचा शेवट ठरतो. तो रागाचा प्रसंग गाबँ करारातच लिहून घ्यायचा अशी दंतकथा आहे. करार कुणी दाखवलेला नाही. पण चित्रपट पाहिले की दंतकथा का पसरली ते कळतं.

'ला ग्रांद इल्युझियाँ' एवढा का गाजला?

१९३७ चा चित्रपट, दिग्दर्शक ज्याँ रन्वार, म्हणजे चित्रकार रन्वारचा मुलगा. पहिल्या महायुद्धातले फ्रेंच कैदी जर्मनांच्या छावणीत आहेत. युद्धाचा चित्रपट असूनही रणांगण जवळजवळ दिसतच नाही. रन्वारचा मुद्दा असा की जर्मन सरदार आणि फ्रेंच सरदार यांच्यात जेवढं साम्य आहे तेवढं फ्रेंच सरदार आणि फ्रेंच मेकॅनिक यांच्यात नाही. एरिक फॉन श्ट्रोहाइम आणि पिएर फ्रेने हे दोन सरदार, गाबँ हा मारेशाल नावाचा, मेकॅनिकचा लेफ्टनंट झालेला माणूस. रन्वार स्वतः त्या युद्धात वैमानिक होता आणि त्याने आपला जुना गणवेश गाबँला घालायला दिला.

हिटलरचा प्रचारमंत्री गोबेल्स याने या चित्रपटाला सिनेमातला पहिल्या क्रमांकाचा शत्रू ठरवलं. जर्मनांनी मूळ निगेटिव्ह बर्लिनला नेली, तिथून ती मॉस्कोला गेली आणि बऱ्याच वर्षांनी तुलूझच्या चित्रपट संग्रहालयात परतली. आज आपण जी स्वच्छ प्रत पाहतो ती तिच्यावरून केलेली आहे.

'ला बेत युमेन'मध्ये तो खरंच इंजिन चालवतो का?

हो. झोलाच्या कादंबरीवरचा १९३८ चा चित्रपट, दिग्दर्शक पुन्हा रन्वार. गाबँ आणि त्याच्या फायरमनचं काम करणारा कारेत या दोघांनी वाफेचं इंजिन हाकायला शिकून घेतलं. सुरुवातीची पाच-सहा मिनिटं कुणी एक वाक्य बोलत नाही. ल हाव्रकडे धावणारी गाडी, भट्टी, बोगदे, खाणाखुणा आणि हात. लहानपणी मेरिएलच्या रुळांकडे बघणाऱ्या पोराची हौस इथे फिटली असं म्हणायला हरकत नाही. ही भूमिका त्याला मनापासून हवी होती.

त्याच्या अभिनयात विशेष काय? तो तर काहीच करत नाही!

हा आक्षेप जुनाच आहे आणि त्याचं उत्तर रन्वारने आठवणींत देऊन ठेवलं आहे. दुसऱ्या नटाला ज्या भावनेसाठी ओरडावं लागेल ती गाबँ चेहऱ्यावरच्या किंचित थरथरीने दाखवायचा, असा त्याचा आशय.

मला वाटतं गंमत त्याच्या आधीच्या धंद्यात आहे. ज्याने कित्येक वर्षं रंगमंचावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं गाऊन-नाचून दाखवलं, त्याला कॅमेऱ्यासमोर त्यातलं काय टाकून द्यायचं ते नेमकं कळलं. तरी नाचणाऱ्याचा तोल गेला नाही. तो खोलीत शिरतो, कोट काढतो, खुर्ची ओढतो, सिगारेट पेटवतो, तेव्हा त्या हालचालींना आपली लय असते. आवाज पॅरिसच्या कामगार वस्तीतला, शब्द थोडे चावून, थोडे खाऊन टाकलेले. सबटायटलमध्ये हे हरवतं. फ्रेंच येत नसेल तरी एखादा प्रसंग अक्षरं न वाचता, नुसता ऐकून बघा.

'तुझे डोळे सुंदर आहेत' हे वाक्य त्याचंच ना?

हो, 'ल के दे ब्रुम'मधलं, १९३८. दिग्दर्शक मार्सेल कार्ने, संवाद कवी ज्याक प्रेव्हेर यांचे. धुक्याने भरलेलं ल हाव्र बंदर, सैन्यातून पळालेला शिपाई आणि रेनकोट-टोपीतली, अठरा वर्षांची मिशेल मोर्गन. तो म्हणतो, तुझे डोळे सुंदर आहेत, ठाऊक आहे ना. ती म्हणते, माझं चुंबन घे. फ्रान्समध्ये हे वाक्य न ऐकलेला माणूस सापडणं कठीण. आधी चित्रपट जर्मनीत होणार होता, पण सैन्यातून पळणारा नायक बर्लिनला मानवेना आणि निर्मिती फ्रान्सला आली.

पुढे फ्रान्स हरल्यावर जर्मनांशी जुळवून घेणाऱ्या व्हिशी सरकारच्या लोकांनी असल्या निराश चित्रपटांमुळेच देशाचं मनोधैर्य खचलं असा शोध लावला. त्यावर, वादळ आलं म्हणून बॅरोमीटरला दोष देऊ नका, असं कार्नेचं उत्तर सांगितलं जातं.

'ल जूर स लेव्ह' हा त्याचा सर्वोत्तम चित्रपट का?

युद्धापूर्वीच्या चित्रपटांत माझ्या मते तोच. १९३९, कार्ने आणि प्रेव्हेर. वाळूच्या माऱ्याने धातू साफ करणारा एक कामगार खून करून पाचव्या मजल्यावरच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतो. खाली पोलीस, जमाव. रात्रभर तो आठवत राहतो आणि आपल्याला गोष्ट कळत जाते. भूतकाळात जाऊन परत येण्याची ही रीत तेव्हा इतकी नवी होती की प्रेक्षक गोंधळतील म्हणून सुरुवातीला तशी सूचना टाकावी लागली. आलेक्साँद्र त्रोनेरने उभारलेली ती एकाकी, उंच इमारत विसरता येत नाही. कपाट सरकवून दाराला लावणं, सिगारेट संपत येणं, आरशात स्वतःला बघणं, एवढ्याच गोष्टी गाबँ त्या खोलीत करतो. आणि एकदा खिडकीत येऊन खालच्या जमावावर ओरडतो. वर म्हटलेला रागाचा क्षण तो हाच.

एवढा मोठा नट हॉलिवूडमध्ये का चालला नाही?

जर्मनांनी पॅरिस घेतल्यावर त्यांच्या चित्रपट कंपनीसाठी काम करायची त्याची तयारी नव्हती. १९४१ च्या सुरुवातीला तो लिस्बनमार्गे अमेरिकेला निघाला, सामानात सायकल आणि ॲकॉर्डियन. तिथे दोनच चित्रपट झाले: 'मूनटाइड' (१९४२) आणि 'द इम्पोस्टर' (१९४४). 'मूनटाइड' फ्रिट्झ लँगने सुरू केला, आर्ची मेयोने पुरा केला. वाईट नाही, पण उसना वाटतो. धुकं, बंदर, बदनाम नायक हे सगळं मागवलं, पण ते बोलायचं परक्या भाषेत. त्याचा निम्मा अभिनय त्या बोलीत होता, तो तिथेच गेला. शिवाय त्याला ते गाव मानवलंच नाही.

युद्धात तो खरंच लढला की नुसता गणवेशात फोटो?

खरंच लढला. चाळिशीला आलेला, जगभर ओळखला जाणारा नट स्वतंत्र फ्रान्सच्या नौदलात भरती झाला. आधी 'एलोर्न' या तेलवाहू जहाजावर तोफखान्याचा प्रमुख म्हणून अटलांटिक ओलांडून अल्जियर्सला गेला. वाटेत ताफ्यावर हल्ला झाला. मग नौसैनिकांच्या चिलखती रेजिमेंटमध्ये, जनरल लक्लेर्कच्या दुसऱ्या चिलखती डिव्हिजनमध्ये, 'सूफ्लर दोन' नावाच्या रणगाड्याचा प्रमुख झाला. बंद जागेची आणि आगीची त्याला भीती होती, आणि वाट्याला आला तो रणगाडा. १९४५ मध्ये रोयाँच्या लढाईत होता, तिथून जर्मनीत थेट बेर्खटेसगाडेनपर्यंत, हिटलरच्या डोंगरावरच्या ठाण्यापर्यंत गेला. त्याला 'क्रुआ द गेर' आणि 'मेदाय मिलितेर' ही दोन लष्करी पदकं मिळाली.

तो परतला तेव्हा केस पांढरे झालेले होते. हे केस पुढच्या सगळ्या गोष्टीला कारण आहेत.

मार्लेन डीट्रिशचं काय?

अमेरिकेत दोघं एकत्र आले. ती जर्मन नटी, पण हिटलरला नाकारून अमेरिकन नागरिक झालेली. तिने त्याला इंग्रजी शिकवलं, घर लावून दिलं, फ्रेंच जेवण रांधून घातलं. युद्धानंतर पॅरिसमध्ये १९४६ चा 'मार्ताँ रुमान्याक' एकत्र केला, तो सपशेल पडला. त्याच सुमारास कार्नेच्या 'ले पोर्त द ला न्युई'मधून दोघांनी अंग काढून घेतलं आणि गाबँची भूमिका नवख्या ईव्ह माँताँकडे गेली. 'ले फेय मोर्त' हे जगभर गायलं गेलेलं गाणं त्याच चित्रपटातलं. डीट्रिश अमेरिकेला परतली, त्याला घर आणि मुलं हवी होती. १९४९ मध्ये त्याने दोमिनिक फुर्निए हिच्याशी लग्न केलं. ती मॉडेल होती. त्यांना दोन मुली आणि एक मुलगा झाला आणि हे लग्न अखेरपर्यंत टिकलं. डीट्रिशशी पुन्हा जुळलं नाही.

युद्धानंतर पडीचा काळ का आला?

प्रेक्षकांना १९३९ चा गाबँ परत हवा होता आणि तो आता अस्तित्वात नव्हता. पंचेचाळिशीचा, अंगाने भरलेला, पांढऱ्या केसांचा माणूस धुक्यात प्रेमासाठी मरायला निघालेला कुणाला पटेना. चांगलं काम तेव्हाही झालं. रने क्लेमाँचा जिनोआ बंदरातला 'ओ-दला दे ग्रिय' (१९४९) विदेशी चित्रपटाचं खास ऑस्कर घेऊन आला. १९५१ मध्ये आंधळ्या झालेल्या इंजिन ड्रायव्हरच्या भूमिकेसाठी व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात सर्वोत्तम नटाचा पुरस्कार मिळाला. पण तिकीट खिडकीवर ती जुनी जादू नव्हती.

मग 'ग्रिज्बी'ने काय बदललं?

'तुशे पा ओ ग्रिज्बी', १९५४, दिग्दर्शक ज्याक बेकेर. माझ्या दृष्टीने गाबँची दुसरी कारकीर्द इथे, एका रात्रीत सुरू झाली. मॅक्स हा म्हातारपणाकडे झुकलेला दरोडेखोर. शेवटचा मोठा हात मारून झालाय, सोनं लपवून ठेवलंय, आता त्याला नुसतं लवकर घरी जाऊन झोपायचंय. नाइटक्लबमध्ये तो कंटाळतो. चष्मा लावून फोनचे आकडे बघतो.

चित्रपटाचं हृदय गोळीबारात नाही. मॅक्स आपल्या जुन्या, बावळट मित्राला रितोंला लपायच्या फ्लॅटवर आणतो. कपाटातून टोस्ट, पाटे आणि वाइन काढतो, दोघं खातात. मग त्याला पायजमा देतो, टूथब्रश देतो, दोघं दात घासतात. रितों आरशात स्वतःच्या डोळ्यांखालच्या सुरकुत्या बघतो. बस्स. गुन्हेगारीच्या चित्रपटात त्याआधी असं कुणी केलं नव्हतं. म्हातारं होणं लपवायचं नाही, तेच भूमिका म्हणून करायचं, हे गाबँने इथे ठरवलं आणि पुढची बावीस वर्षं त्यावर काढली. व्हेनिसचा पुरस्कार पुन्हा मिळाला, या आणि कार्नेच्या 'लेर द पारी' या दोन चित्रपटांसाठी मिळून. कुस्तीगीर लिनो व्हेंतुराचा पडद्यावरचा प्रवेशही याच चित्रपटात, आणि ज्यान मोरो छोट्या भूमिकेत आहे.

डुक्कर घेऊन पॅरिसमधून चालण्याचा चित्रपट कोणता?

'ला त्राव्हेर्से द पारी', १९५६, क्लोद ओतँ-लारा. जर्मनांच्या ताब्यातलं पॅरिस, ब्लॅकआउट. काळ्या बाजाराचं कापलेलं डुक्कर चार सुटकेसमध्ये भरून दोघांना रात्रीतून शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला न्यायचंय. बूर्व्हिल हा गरीब, भित्रा हमाल, गाबँ हा केवळ गंमत म्हणून सामील झालेला प्रसिद्ध चित्रकार. लुई द फ्युनेस दुकानदार झालाय आणि गाबँ त्याच्याकडून ओरडून ओरडून पैसे उकळतो तो प्रसंग पोट धरून हसवतो. हसू नंतर ओसरतं. धोका दोघांना सारखा नसतो, कारण ओळखीचा माणूस सुटतो. व्हेनिसचा नटाचा पुरस्कार यासाठी बूर्व्हिलला मिळाला आणि ते योग्यच झालं. गाबँने त्याला जागा दिली.

मेग्रे, म्हणजे लेखक सिमेनाँचा प्रसिद्ध पोलीस अधिकारी, त्याने किती वेळा केला?

तीनदा: १९५८, १९५९ आणि १९६३. पहिले दोन चांगले, तिसरा नाही पाहिला तरी चालेल. सिमेनाँच्या कथा त्याला जमायच्या. मेग्रेखेरीजही त्याने सिमेनाँवरचे बरेच चित्रपट केले, त्यात पंतप्रधानाचा 'ल प्रेझिदाँ' (१९६१) आहे. कारण सरळ आहे: सिमेनाँची माणसं खातात, पितात, वाट बघतात आणि कमी बोलतात.

पन्नाशीच्या अखेरीला आलेल्या 'नव्या लाटे'च्या तरुण फ्रेंच दिग्दर्शकांना तो आवडत नव्हता ना?

त्यांचा राग होता तो साचेबंद, पटकथाकारांच्या तालावर चालणाऱ्या फ्रेंच सिनेमावर, आणि गाबँ त्या सिनेमाचा मोठा चेहरा झाला होता. त्यांच्यातल्या त्रुफोने, तो समीक्षक होता तेव्हा, त्या परंपरेवर १९५४ मध्ये झोड उठवली. पण त्याच त्रुफोने 'ला त्राव्हेर्से द पारी'ची स्तुती केली आणि 'ग्रिज्बी'चीही. गाबँच्या बाजूने सगळंच समर्थन करता येणार नाही. साठच्या दशकात त्याने जिल ग्रांजिए वगैरे ओळखीच्या दिग्दर्शकांबरोबर, मिशेल ओदियारच्या चुरचुरीत संवादांवर भराभर चित्रपट केले. ओदियारची वाक्यं आजही फ्रेंच लोकांच्या तोंडी आहेत, पण निम्म्या चित्रपटांत वाक्यांखेरीज फार काही नाही. टेबलावर बसलेला, वैतागलेला म्हातारा सगळ्यांना सुनावतो आणि शेवट होतो.

बेलमोंदो आणि दलाँ या तेव्हाच्या तरुण नटांबरोबरचे चित्रपट?

दोन आवर्जून पाहावेत. १९६२ च्या 'अँ सँज आँ इव्हेर'मध्ये नॉर्मंडीच्या किनाऱ्यावरच्या गावात गाबँ दारू सोडलेला हॉटेलमालक आहे, तरुणपणी चीनमध्ये शिपाई होता. बेलमोंदो पिऊन स्पेनची स्वप्नं बघत तिथे येतो. म्हातारा त्याला म्हणतो, तू माझी विशी आहेस. दुसरा १९६३ चा 'मेलोदी आँ सू-सोल', कान शहरातल्या कसिनोवरचा दरोडा. आलाँ दलाँला गाबँबरोबर काम करायची इतकी इच्छा होती की त्याने मानधनाऐवजी काही देशांतले वितरणाचे हक्क घेतले. पुढे 'ल क्लाँ दे सिसिलियँ' (१९६९) आणि 'दझोम दाँ ला व्हिल' (१९७३) हेही दोघांनी केले.

शेतकऱ्यांनी त्याच्या घरावर मोर्चा नेला होता, ही काय भानगड?

पन्नाशीच्या दशकात त्याने नॉर्मंडीत, ऑर्न जिल्ह्यात जमीन घेतली. ला पिशोनिएर नावाचं शेत, गुरं, शर्यतीचे घोडे. नट म्हणवून घेण्यापेक्षा त्याला शेतकरी म्हणवून घेणं आवडायचं. पण जमीन वाढत गेली आणि तिथल्या तरुण शेतकऱ्यांना कसायला जमीन मिळेना. १९६२ च्या जुलैमधल्या एका रात्री सुमारे सातशे शेतकरी त्याच्या घराशी आले. मागणी एकच: काही शेतं तरुणांना खंडाने द्या. 'कसेल त्याची जमीन' ऐकत वाढलेल्या आपल्या वाचकाला शेतकऱ्यांची बाजू समजायला अडचण पडू नये. गाबँला मात्र ती रात्र फार लागली. सिनेमातली कमाई मातीत घालून आपण त्यांच्यातले झालो असं त्याला वाटत होतं, आणि त्यांच्या लेखी तो पॅरिसचा पैसेवालाच होता.

शेवटच्या काळातलं काय पाहावं?

'ल शा', १९७१, म्हणजे मांजर. पॅरिसजवळ कूर्बव्हुआत सगळीकडे घरं पाडली जाताहेत, मधल्या एका घरात म्हातारा नवरा-बायको राहतात आणि एकमेकांशी बोलत नाहीत. चिठ्ठ्या टाकतात. समोर सिमोन सिन्योरे. दोघांनाही बर्लिनच्या महोत्सवात सर्वोत्तम अभिनयाचा पुरस्कार मिळाला. १९५९ मध्ये भटक्याच्या भूमिकेसाठी बर्लिनला तो आधीही मिळाला होता, पण 'ल शा'ची जात वेगळी. इथे सुनावणारा म्हातारा नाही, इथे तो खरोखर काहीच बोलत नाही.

१९७४ ची 'मँतनाँ झ से' ही ध्वनिमुद्रिकाही ऐका. तो गात नाही, बोलतो: विशीत सगळं कळतं असं वाटायचं, आता कळलंय की कधीच काही कळत नाही.

त्याचा शेवट कसा झाला?

एप्रिल १९७६ मध्ये फ्रेंच सिनेमाच्या पहिल्या सेझार पुरस्कार सोहळ्याचं अध्यक्षपद त्याने भूषवलं. त्याच वर्षी शेवटचा चित्रपट आला आणि नोव्हेंबरमध्ये तो वारला. वय बहात्तर. नॉर्मंडीत एवढी जमीन असताना तिथे दफन नको, अस्थी समुद्रात सोडा, अशी त्याची इच्छा. त्याप्रमाणे फ्रेंच नौदलाच्या जहाजावरून ब्रेस्टजवळच्या समुद्रात त्या विसर्जित केल्या.

भारताशी काही संबंध?

थेट नाही. उगाच ओढूनताणून जोडण्यात अर्थ नाही. आडवळणाचा एक धागा आहे: रन्वार १९४९-५० मध्ये 'द रिव्हर'साठी बंगालमध्ये आला, तेव्हा जागा शोधताना त्याच्याबरोबर हिंडणाऱ्या तरुणांत सत्यजित राय होते. गाबँ त्या चित्रपटात नाही.

सुरुवात कुठून करू?

'ग्रिज्बी'पासून. मग 'ला ग्रांद इल्युझियाँ', मग 'ल जूर स लेव्ह', आणि या तिन्हींनंतरच 'पेपे'. 'ल शा' सर्वांत शेवटी आणि दिवस चांगला असेल तेव्हा. 'ल जूर स लेव्ह'ची २०१४ मध्ये दुरुस्त केलेली प्रत मिळाली तर तीच घ्या. व्हिशीच्या सेन्सॉरने कापलेले तुकडे तिच्यात परत जोडलेले आहेत. 'पेपे'च्या बाबतीत हॉलिवूडची नक्कल चुकून हाती येते, तेव्हा साल बघून घ्या: १९३७ ची फ्रेंच, १९३८ ची अमेरिकन.